बाकीचे बाहेर गेल्यावर

खुसपटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभी हयात ऑडिटच्या धंद्यात गेली, तेव्हा हाताखालच्या पोरांनी पाठीमागे ठेवलेलं ते नाव. ऑफिसच्या कुठल्याशा जेवणावळीत ते बायकोच्या कानावर पडलं आणि तिला इतकं आवडलं, की घरातही तेच रूढ झालं. "खुसपटराव, आमटी तपासून घ्या आणि सही करा," असं ती म्हणायची. ते हसायचे नाहीत, पण वाटी पुढे करायचे. बायको जाऊन आता काही वर्षं झाली आणि त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. आपण मात्र तेच नाव चालवू. त्यांना दुसरं कुठलं इतकं चपखल बसत नाही.

निवृत्त झाल्यावर पंखे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं त्यांना संचालक मंडळावर घेतलं आणि ऑडिट कमिटीचं अध्यक्षपद दिलं. आता ऑडिट कमिटी म्हणजे नक्की काय, हे समजावून सांगणं म्हणजे डोकेदुखीच. एकदा लिफ्टमध्ये शेजाऱ्यानं सहज विचारलं, "सध्या काय करता?" खुसपटराव सांगायला लागले. मी कंपनीचा नोकर नाही. मालकही नाही. ऑडिटर होतो, पण आता ऑडिटर नाही. हिशेब लिहिणारे वेगळे, तपासणारे वेगळे, आणि त्या दोघांनी एकमेकांना सांभाळून घेऊ नये म्हणून वर बसलेले आम्ही. एवढं होईपर्यंत शेजाऱ्याचा मजला आला. "म्हणजे निवृत्तच की!" असं म्हणून तो गेला. खुसपटरावांना ते फार लागलं. नंतर त्यांनी स्वतःपुरतं एक उत्तर तयार केलं. आपण विचारणारे. आपलं काम विचारायचं.

विचारणाऱ्याला कोणाचं मिंधं राहून चालत नाही, आणि खुसपटराव याबाबतीत अति होते, अगदी अति. कंपनीनं दिलेली साधी डायरी त्यांनी परत केली. बैठकीच्या दिवशी वरच्या मजल्यावर सगळ्या संचालकांचं जेवण असायचं; हे आपला घरचा डबा घेऊन कमिटीच्या खोलीत एकटेच बसायचे. एका पंगतीला बसलं की जीभ जड होते, असं त्यांचं म्हणणं. पण डबा आणि डायरी राहू द्या. त्यांच्या जावयाला याच कंपनीत चांगली जागा चालून आली होती. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. खुसपटराव म्हणाले, एक तर त्यानं ती जागा घ्यायची नाही, नाही तर मी कमिटी सोडायची. आणि कमिटी काही त्यांनी सोडली नाही. जावई बिचारा चकार शब्द बोलला नाही. त्यानं दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि मुलगी सामान बांधून गेली. त्यानंतर वर्षभरात बायको आजारी पडली. मुलगी आली, पण आली तेव्हा आई बोलण्याच्या पलीकडे गेली होती.

तेव्हापासून मुलीचा दर रविवारी फोन. "सगळं ठीक, बाबा?" "ठीक. तुमचं?" "ठीक." "जावई?" "मजेत." "बाकी काही?" "नाही, बाबा." "बरं, ठेवतो मग." झालं. खुसपटराव त्या फोनला बोलणं म्हणत, आणि आठवडाभर पुरवून पुरवून आठवत.

एवढं सगळं जिच्यापायी केलं, ती कमिटी कशी चालायची तेही बघा. दर तिमाहीला बैठक. कमिटीत आणखी दोघं. एक अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकाबाई, बोलायला फटकळ, मनानं सरळ. दुसरे वकीलसाहेब. ते डोळे मिटून ऐकायचे आणि झोपले की विचारात पडले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. समोर कंपनीची माणसं. त्यांत मुख्य म्हणजे वित्तप्रमुख. गोरागोमटा, हसतमुख, साखर पेरून बोलणारा माणूस. सगळे विषय संपले की खुसपटराव म्हणायचे, "आता खासगी सत्र. बाकीच्यांनी कृपया बाहेर जावं." मग वित्तप्रमुख आणि त्यांची मंडळी उठून जायची. आत उरायची कमिटी आणि समोरच्या खुर्चीवर एकच माणूस. आधी बाहेरच्या फर्मचा ऑडिटर, मग कंपनीतल्याच अंतर्गत तपासणीच्या प्रमुख बाई.

"बाकीचे बाहेर गेलेत. आम्हाला एकट्यांना काही सांगायचंय?"

"नाही, साहेब."

"कोणाचा दबाव?"

"नाही, साहेब."

"छान." आणि खुसपटराव पेनाला टोपण लावायचे. जुनं शाईचं पेन, बायकोनं दिलेलं. टोपण घट्ट बसलं, की दार उघडायचं आणि मंडळी हसतखेळत आत यायची.

वर्षानुवर्षं असंच. कधी कोणाची तक्रार नाही. खुसपटरावांना त्याचा अभिमान होता. संध्याकाळी रिकाम्या घरात दिवा लावताना पोरीची आठवण यायची, तेव्हा ते स्वतःला समजावायचे, की पोरीला लांब लोटलं, पण त्या बदल्यात एका कंपनीचा कारभार चोख राहिला. हजारो लोकांनी तिच्यात आपली पुंजी टाकलीय. कोणीतरी विचारायला हवंच ना. हा एकच टेकू होता त्यांना. तो निघाला असता, तर माणूस बसल्या जागी कोसळला असता.

आणि तो एका सकाळी निघालाच.

झालं असं, की त्यांची मुदत संपत आली होती. मुदत वाढवावी का, यावर कमिटीतल्या दोघांनी मंडळाला आधी मत कळवायचं होतं. स्वतःच्या विषयात स्वतः बसायचं नाही, हा नियम. तो इतरांना सांगता सांगता खुसपटरावांचे केस पांढरे झाले होते. ते तडक उठले. प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, "तपासणीच्या बाई, तुम्ही थांबा. यांच्या कामाबद्दल तुमचंही मत घेऊ." बाई आपल्या नेहमीच्या खुर्चीत थांबल्या आणि खुसपटराव बाहेर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते दार बाहेरून लावलं.

बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी वित्तप्रमुख आणि मंडळी उभी होती. "या, या! आज तुम्हीही आमच्यात!" वित्तप्रमुखांनी तोंडभरून स्वागत केलं. "काळजी करू नका, चुटकीसरशी होतं. आम्हाला सवय झालीय. सत्र सुरू झालं, की मी कॉफीचं बटण दाबतो. कप संपतो न संपतो, तोवर तुमचा उजवा कोपर हलतो."

"माझा कोपर?"

"टोपण लावताना हो! तुमची पाठ असते ना इकडे. कोपर हलला, की आम्ही आत यायला निघतो."

खुसपटरावांनी मागे वळून बघितलं. कमिटीच्या खोलीची ती भिंत काचेची होती. होती म्हणजे काय, पहिल्यापासून होती. पण ते नेहमी तिच्याकडे पाठ करून बसायचे, आणि पाठीमागे काय आहे हे कोण बघतो? आवाज एवढासाही बाहेर येत नव्हता. दिसत मात्र सगळं होतं. वकीलसाहेबांचं जांभई दाबणं. प्राध्यापिकाबाईंचा हलणारा हात. आणि त्यांच्या समोर, बरोबर काचेकडे तोंड करून बसलेल्या तपासणीच्या बाई. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष न् रेष.

"आणि समजा," खुसपटरावांनी शक्य तितक्या सहज विचारलं, "कप संपला आणि कोपर हललाच नाही, तर?"

वित्तप्रमुख मोठ्यानं हसले. "तर समजायचं, की आत कोणीतरी बोलतंय! देवाच्या दयेनं अजून तशी वेळ आलेली नाही." असं म्हणून त्यांनी कप उंचावून काचेतून बाईंना हात केला. आतून बाई हसल्या. त्या हसण्यात ओठ तेवढे हलले.

 खुसपटरावांनी यंत्राचा आधार घेतला, तर यंत्रानं त्यांना एक कप कॉफी काढून दिली. ती त्यांनी घेतली नाही. तत्त्व म्हणून नव्हे. ते अजून काचेकडेच बघत होते.

मुदत वाढली. अभिनंदन वगैरे झालं. घरी येऊन ते कपडे न बदलता खुर्चीत बसून राहिले. ऑडिटचा सगळ्यात पहिला धडा म्हणजे माल मोजायला गेलात, तर मालकाला आपल्या मागे उभं करू नका. हा धडा त्यांनी पन्नास पोरांना शिकवला असेल. आणि स्वतः? दार लावून घेतलं, की माणूस एकटा झाला, असं ते धरून चालले. दार बंद आहे, हे नोंदवलंसुद्धा. भिंत आरपार आहे, हे नोंदवलं नाही. एवढे 'नाही, साहेब' गोळा केले, त्यांतला खरा कुठला आणि वित्तप्रमुखांच्या कॉफीच्या धाकानं आलेला कुठला, हे आता कसं कळायचं? नाही कळायचं. सगळेच बाद. मग पोरीला कशासाठी लांब पाठवलं? हा प्रश्न आला आणि खुसपटराव ओक्साबोक्शी रडले. घरात ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून मोकळेपणानं रडले.

पडदा लावावा का? त्यांनी विचार केला. छे. ज्या दिवशी पडदा लागेल, त्या दिवशी वित्तप्रमुख सावध होतील आणि आतला माणूस आणखी मिटेल. खोली बदलली, तरी वेळ कळणारच. घड्याळाला कुठला पडदा लावणार? मग काय करायचं? एकच मार्ग होता. कोणी बोललं काय आणि न बोललं काय, बाहेरून दोन्ही सारखंच दिसलं पाहिजे.

पुढच्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं, "आजपासून खासगी सत्र प्रत्येकाशी पूर्ण अर्धा तास. सांगण्यासारखं काही असो वा नसो."

वित्तप्रमुखांची भुवई किंचित वर गेली. वकीलसाहेबांचे डोळे खाडकन उघडले. बाकीचे बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "अहो, अर्धा तास बोलायचं काय?"

"काहीही."

"काहीही म्हणजे?"

"तुमचे गुडघे कसे आहेत?" खुसपटरावांनी विचारलं.

आणि "मानेला एसीचा वारा लागतो" म्हणून खुसपटरावांनी जागाही बदलली. आता काचेकडे तोंड त्यांचं, आणि समोरच्याची पाठ. प्राध्यापिकाबाईंनी एकदा काचेकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि काही न बोलता आपली खुर्ची सरकवून घेतली. हुशार बाई. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही.

पहिल्या दिवशी ऑडिटरची जी गाळण उडाली, विचारू नका! दहा मिनिटं तो हिशेबाच्या मानकांवर बोलला. मग घामाघूम होऊन गप्प बसला. शेवटी आपल्या कुत्र्याच्या ऑपरेशनबद्दल बोलायला लागला आणि त्यात मात्र इतका रंगला, की त्याला आवरावं लागलं. तपासणीच्या बाई आईच्या कानाच्या यंत्राबद्दल बोलल्या. आई ते यंत्र फक्त सुनेचं बोलणं सुरू झालं की काढून ठेवते म्हणे. प्राध्यापिकाबाई पोट धरून हसल्या. खुसपटरावांनीही सांगितलं, की मी रोज स्वयंपाक करतो. भाजी बदलतो, पण चव बदलत नाही. "फोडणी जाळत असाल," तपासणीच्या बाई म्हणाल्या. "तेल तापल्यावर आधी गॅस बारीक करा."

बाहेर वित्तप्रमुखांचा दुसरा कप झाला, तिसरा झाला. पुढच्या तिमाहीत ते कंटाळून खुर्ची घेऊन बसले. मंडळाच्या मुख्य अध्यक्षांकडे त्यांनी कागाळीही केली, की म्हातारे आत गप्पा छाटतात आणि आमचा दिवस वाया घालवतात. अध्यक्षांनी फोन केला, "अहो, हे काय मांडलंय?" खुसपटराव म्हणाले, "माझी कामाची पद्धत आहे. चालत नसेल, तर लेखी कळवा." लेखी कोण कळवतंय!

खरं सांगायचं, तर खुसपटरावांना एका गोष्टीची मनातून लाज वाटत होती. त्या अर्ध्या तासाची ते वाट बघायला लागले होते. तीन महिने घरात भांड्यांशी बोलायचं, रविवारी 'ठीक ठीक' करायचं, आणि मग हा अर्धा तास. कोणीतरी विचारतंय, की फोडणी आता जळत नाही ना? ते स्वतःला दटावायचे, की हे काम आहे, मैत्री नव्हे. या माणसांशी तुला मैत्री करता येत नाही, तो हक्क तू स्वतःच सोडलायस. तरी बैठकीच्या आदल्या दिवशी ते शर्टाला इस्त्री जरा जास्तच मन लावून करायचे.

तिसऱ्या वेळी बाई बोलल्या.

आईच्या यंत्राची बॅटरी सारखी संपते, असं काहीतरी चाललं होतं. त्याच आवाजात, त्याच चालीत बाई म्हणाल्या, "साहेब, आता मी एक सांगणार आहे. तुम्ही तिघांनीही चेहरे असेच ठेवा. वकीलसाहेब, तुम्ही झोपलात तरी चालेल."

वकीलसाहेबांनी चटकन डोळे मिटले. यावेळी मात्र ते पक्के जागे होते.

"दर तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात जे पंखे विकल्याचं दाखवतात, त्यांतले निम्मे कुठल्याही दुकानात जात नाहीत. जुन्या रंगाच्या कारखान्यामागे एक शेड भाड्यानं घेतलीय, वित्तप्रमुखांच्या मेहुण्याच्या नावानं. तिथं पडून असतात. पुढच्या तिमाहीत परत आल्याचं दाखवतात. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

काचेपलीकडे वित्तप्रमुख खुर्चीत बसून थेट खुसपटरावांकडे बघत होते. खुसपटराव त्यांच्याकडे बघून हसले. आयुष्यात कधी न हसलेला माणूस. कुठून आणलं ते हसू कोण जाणे. आणि वर ते म्हणाले, "वा, वा! मग बॅटरी कुठली घेतलीत?"

प्राध्यापिकाबाईंनी टाळी दिल्यासारखा हात पुढे केला. उरलेली वीस मिनिटं कोणी काय बोललं, ते कोणालाच नंतर आठवेना. पण पूर्ण वीस मिनिटं सगळे बोलत राहिले.

उठण्याआधी खुसपटरावांनी हळूच विचारलं, "हे कधीपासून चाललंय?"

"तीन वर्षं तरी."

"मी तर दर वेळी विचारत होतो. काचेमुळे बोलला नाहीत ना?"

 "काच होतीच. पण रागावू नका, साहेब. विचारताना टोपण तुमच्या हातात असायचं. घरातून निघताना माणूस 'गॅस बंद आहे ना?' विचारतो, तसं विचारायचात तुम्ही. पाय दाराबाहेर असतो. 'हो' एवढंच ऐकायचं असतं."

खुसपटरावांनी पेन टेबलावर ठेवलं. उठताना ते टोपण न लावताच खिशात गेलं आणि शाईचा डाग पडला, तो शर्ट पुढे वाया गेला.

त्यानंतरचं काम त्यांच्या हातचा मळ. कोणाचं नाव न घेता कमिटीनं ठरवलं, की यंदा सगळी गोदामं बघायची, स्वतःची आणि भाड्याचीही. जुन्या रंगाच्या कारखान्यामागे ती शेड निघाली. खुसपटराव स्वतः गेले. छतापर्यंत खोकी. वरच्या थरावर बोटभर धूळ, आणि उकाडा असा, की जीव नकोसा व्हावा. हजारो पंखे, आणि वारा म्हणून कुठे नाही. बाहेरची चौकशी बसली. वित्तप्रमुखांना जावं लागलं. जाताना त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, की कोणी सांगितलं. मुख्य अध्यक्षांनीही खुसपटरावांना खोलीत बोलावून तेच विचारलं.

"सगळ्यांनीच सांगितलं," खुसपटराव म्हणाले. "प्रत्येकानं अर्धा अर्धा तास सांगितलं. गुडघे, कुत्री, फोडण्या. त्यातून तुम्हाला जो धरायचाय तो धरा."

धरता कोणालाच आलं नाही. कोण किती बोललं, हे बाहेरच्यांना कळायला मार्गच नव्हता. तपासणीच्या बाई आपल्या खुर्चीवर सुखरूप राहिल्या. मुख्य अध्यक्षांनी मात्र खुसपटरावांशी बोलणं टाकलं. संचालकांच्या चहाला त्यांच्याभोवती आपोआप रिकामं रिंगण पडायला लागलं. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. डब्याची सवय होतीच.

खरं तर आता त्यांनी खुश व्हायला हवं होतं. टेकू परत मिळाला होता. कमिटीनं करायचं ते केलं, विचारणाऱ्याला उत्तर मिळालं. पण त्या रविवारी मुलीचा फोन आला. "सगळं ठीक, बाबा?" "ठीक." "बाकी काही?" हे शब्द त्यांच्याच तोंडून निघाले आणि त्यांना उजवा कोपर हलल्यासारखा वाटला. पाय दाराबाहेर! ते चपापले. तोवर सवयीनं "नाही, बाबा" आलं आणि फोन ठेवला गेला.

मग दोन दिवसांनी, रविवार नसताना, भर दुपारी त्यांनी आपणहून मुलीला फोन लावला.

"काय झालं, बाबा?" ती घाबरलीच.

"काही नाही गं. सहज."

"सहज?" तिचा विश्वास बसेना. "बरं आहे ना तुम्हाला?"

"बरं आहे. तुला विचारायचं होतं, वांग्याच्या भाजीत पाणी आधी घालायचं की नंतर?"

ती पहिल्यांदा हसली. मग वांग्यांवर बोलली. तिथून तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आली, तिथून घरमालकिणीवर, तिथून जावयाच्या पाठदुखीवर. बोलणं संपलं. रविवारी ज्या जागी 'बरं, ठेवतो' यायचं, ती जागा आली. खुसपटराव गप्प राहिले. तीही गप्प. तिच्याकडचा पंखा फिरत होता, तेवढा ऐकू येत होता. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि बसून राहिले.

"बाबा," ती बऱ्याच वेळानं म्हणाली, "एक सांगू? आईनं तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं."

"सांग."

"आम्ही इकडे आल्यावर ती मला रोज फोन करायची. सकाळी, तुम्ही फिरायला गेलात की."

"रोज?"

"रोज. तुम्ही फाटकातून बाहेर पडलात, हे खिडकीतून बघायची आणि मग लावायची. रडायची हो. म्हणायची, खुसपटराव सगळ्या जगाला विचारत फिरतात, काही सांगायचंय का, काही सांगायचंय का. पोरीला लांब पाठवू का, हे मला त्यांनी एकदा तरी विचारायला हवं होतं."

खुसपटरावांच्या तोंडाशी सगळं आलं होतं. नियम, स्वातंत्र्य, हजारो लोकांची पुंजी. त्यांनी ते गिळलं. "मग मला का नाही बोलली?" एवढंच त्यांनी विचारलं.

"कशी बोलणार, बाबा? तुम्ही घरात असलात, की तिचं तोंड उघडायचंच नाही."

फाटकाशी पोचलं, की ते रोज मागे वळून बघायचे. खिडकीच्या काचेआड ती उभी असायची. ते हात करायचे, तीही हात करायची, हसायची. किती वर्षं त्यांनी मानलं होतं, की बायको आपल्याला निरोप द्यायला तिथं उभी राहते.

"बाबा? आहात ना?" मुलगी विचारत होती. "तुमची वेळ झाली असेल. ठेवू का?"

"नको," खुसपटराव म्हणाले. "आणखी काय म्हणायची ती? सगळं सांग. मला कुठंच जायचं नाहीये."